पश्चिमवाटेवरची मूठमाती

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव या गावापाशी पूर्णा नदी तापीला मिळते. संगमानंतर तापीचा प्रवाह खानदेशची काळी जमीन ओलांडीत पश्चिमेकडे जातो आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून अमळनेरपर्यंत जो लोहमार्ग घातला गेला तो याच खोऱ्यातून. नागपूरकडून मुक्ताईनगर, भुसावळ, जळगाव, धुळे असा सुरतेला जाणारा महामार्गही याच दिशेचा. नदी ज्या बाजूला वाहते त्या बाजूला गेली दोनशे वर्षे या भागातील माणसेही जात राहिली आहेत. कधी जमिनीसाठी, कधी भुकेपोटी, कधी मजुरीसाठी.

खानदेशचा इतिहास लिहिला गेलेला नाही असे म्हणता येणार नाही. फारुकी सुलतान, भिल्लांचे उठाव, साने गुरुजींचे अमळनेर, १९३६ सालचे फैजपूर काँग्रेसचे अधिवेशन या सर्वांवर पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिमेला गेलेल्या कुटुंबांतील जी मुले वाटेत किंवा तळावर गेली, त्यांच्याविषयी इतिहासकारांनी फारसा विचार केलेला आढळत नाही. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले ते ज्या मुक्ताबाईंच्या नावाने, त्या स्वतः आईबापांविना वाढल्या. आळंदी, पैठण, नेवासे अशी त्या चार भावंडांची वणवण मराठी मनाने सातशे वर्षे जपली आहे आणि आजही दर आषाढीला येथून मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते. आईबाप गमावलेल्या लेकरांची आठवण आपण अशी ठेवली. लेकरू गमावलेल्या आईबापांची मात्र कोठे ठेवलेली दिसत नाही.

याचे एक कारण आपल्या रीतीतच आहे. आपल्याकडे बहुतेक समाजांत मोठ्या माणसाचे दहन होते, पण तान्ह्या मुलाला पुरतात. स्वतःच्या गावी असले तर घराण्याच्या शेताचा बांध असतो, ओळखीचे झाड असते. परमुलखात बांध दुसऱ्याचा. तेथे रात्रीच मूठमाती द्यायची, वर दोन दगड ठेवायचे आणि सकाळी कामाला लागायचे. पुढल्या नांगरटीत ते दगडही हलतात.

पहिली पश्चिमवाट जमिनीची होती. १८०२-०४ या काळातील लष्करी धुमाकूळ आणि दुष्काळ, त्यामागून पेंढाऱ्यांचा उपद्रव, यांमुळे खानदेश उजाड झाला होता. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा येथे पोलिटिकल एजंट म्हणून आला, तेव्हा त्याच्यापुढे मुख्य प्रश्न पडीक जमिनीचा होता. जमीन होती, कसणारा नव्हता. मग कौल देऊन, इस्तावा ठरवून, म्हणजे पहिली काही वर्षे नाममात्र सारा व पुढे हळूहळू चढता, अशा बोलीवर कुणबी कुटुंबांना वसवण्याचे धोरण चालले. पूर्व व मध्य भाग आधी भरला. शहादा, तळोदे, नंदुरबार हा पश्चिमेचा पट्टा मागाहून लागवडीखाली येत गेला. नवापूरच्या बाजूची हवा तर रोगट म्हणून कुप्रसिद्ध होती. भिल्ल, मावची यांच्याखेरीज तेथे कोणी टिकत नाही, असा समज सरकारी अधिकाऱ्यांतही रूढ होता.

ही 'रोगट हवा' म्हणजे हिवताप होय, हे आज आपण जाणतो. डासामार्फत तो पसरतो हे रोनाल्ड रॉस याने १८९७ साली दाखवून दिले. तोवर लोक 'पाणी बाधले' म्हणत. जन्मापासून त्या तापात वाढलेला आदिवासी, जगला तर, काहीसा निर्ढावतो. बाहेरून आलेल्या कुटुंबातील पाच वर्षांच्या आतील मुलाला तसे संरक्षण नसते. पाणथरी वाढून पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे झालेले मूल हे नव्या वसाहतीचे ओळखचिन्हच होते. पुढे टपालकचेरीत कोयनेलच्या पुड्या मिळू लागल्या, परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या घशाखाली ती कडू पूड उतरवणे किती आयांना साधले असेल! येथे एक गोष्ट विसरता कामा नये. भिल्लांची मुलेही मरतच होती. 'ते टिकतात' या सरकारी समजामागे त्यांच्या मेलेल्या मुलांचा हिशेब कोणी घेतलेला नव्हता, आणि ज्या जमिनीला शासन 'पडीक' म्हणत होते तिच्यावर त्यांचा वावर पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक पश्चिमवाट चालू होती. तिची हकीगत वाचकांपुढे ठेवणे उपयुक्त होईल, कारण तिचे दफ्तर शिल्लक आहे. १८४० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या मिसूरी नदीकाठाहून लक्षावधी माणसे छपराच्या बैलगाड्यांतून ऑरेगॉन व कॅलिफोर्नियाकडे गेली. अंतर दोन हजार मैलांचे, मुदत पाच-सहा महिन्यांची. १८४९ पासूनच्या काही वर्षांत पटकीने या वाटेवर कहर केला. मुले गाडीच्या चाकाखाली सापडली, नदी उतरताना वाहून गेली, गोवराने व हगवणीने गेली. त्या तांड्यांतील पुष्कळ स्त्रिया साक्षर होत्या. त्यांनी रोजनिश्या ठेवल्या आणि काहींनी तर आज वाटेत किती नवी थडगी दिसली याची मोजदाद दिवसागणिक लिहून ठेवली.

१८४४ साली सेगर नावाचे कुटुंब निघाले. सहा मुले बरोबर होती, सातवे वाटेत झाले. बाप तापाने गेला, काही आठवड्यांनी आईही गेली. वाटसरूंनी ती सात पोरकी मुले वायिलाटपू येथील प्रोटेस्टंट मिशनरी डॉक्टर मार्कस व्हिटमन आणि त्यांची पत्नी नार्सिसा यांच्या घरी पोहोचवली. या दांपत्याची एकुलती एक मुलगी पाच वर्षांपूर्वी, दोन वर्षांची असताना, नदीत बुडून गेलेली होती. १८४७ साली गाड्यांबरोबर गोवर आला. गोऱ्यांची बहुतेक मुले डॉक्टरांच्या औषधाने उठली. कायूस या मूळ रहिवाशांची मुले मात्र पटापट मेली, कारण त्यांच्या पिढ्यांनी हा रोग पाहिलेला नव्हता. डॉक्टर विष घालतो असा संशय बळावला आणि २९ नोव्हेंबर रोजी व्हिटमन पतिपत्नींसह अनेकांची हत्या झाली. मृतांत सेगर कुटुंबाचे दोन मुलगे होते, आणि पाठोपाठ त्यांची एक लहान बहीण गोवरानेच गेली. दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचलेले कॅथलिक धर्मगुरू फादर ब्रुये हे खरे तर कायूसांच्या छावणीतील आजारी मुलांना स्नानसंस्कार देण्यासाठी आले होते. त्यांना मृतांना पुरण्याच्या कामाला हातभार लावावा लागला.

या घटनेवर अमेरिकेत आजवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. सेगर भगिनींनी उतारवयात आपल्या आठवणी लिहिल्या. कायूस मातांनी लिहिल्या नाहीत, त्यांना अक्षर नव्हते. म्हणजे एकाच गोवराने, एकाच महिन्यात, एकाच नदीकाठी गेलेल्या मुलांपैकी काहींना नावे उरली आणि काहींची संख्यादेखील नक्की उरली नाही. आपल्या पश्चिमवाटेवरची मुले या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

दुसरी वाट भुकेची. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा, दुष्काळ लोकांच्या तोंडी 'छप्पनिया' म्हणून राहिला आहे. एरवी खानदेशच्या डोंगरपट्ट्यात पाऊस हुकला की माणसे घाट उतरून गुजरातच्या मैदानात जात. तेथे गवत, पाणी, काम मिळे. गुजरातला मोठा दुष्काळ कित्येक पिढ्यांत माहीत नव्हता. या वर्षी मात्र गुजरातच होरपळला. घाट उतरून गेलेल्यांना खालीही तीच रखरख भेटली. सरकारने फॅमिन कोडप्रमाणे खडी फोडण्याची व तलाव खणण्याची कामे काढली. जे काम करू शकत नाहीत अशा अवलंबितांना, त्यांत मुले आली, वेगळा शिधा किंवा शिजवलेले अन्न देण्याची तरतूद होती. कागदावरची ही तरतूद वाईट नव्हती. पण हजारो माणसे एका तळावर, पाण्याची जागा एक, शौचाला जागा नाही, अशा स्थितीत १९०० च्या उन्हाळ्यात पटकी शिरली. पावसाळा लागला, पिके उगवली, लोक घरी परतले, आणि नेमक्या त्या वेळी हिवतापाने खंगलेली माणसे गाठली. दुष्काळातील बहुसंख्य मृत्यू प्रत्यक्ष अन्नावाचून नव्हे, तर अन्नावाचून दुर्बल झालेल्या देहावर आलेल्या साथींनी होतात, असे अभ्यासकांनी पुढे आकडेवारीने दाखवले. १९०१ च्या शिरगणतीत खानदेशची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमीच भरली.

या मृत्यूंची नोंद होत नव्हती असे नाही. मुंबई इलाख्यात गावोगावी जन्ममृत्यूचे रजिस्टर असे. गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक या नावाने ते आपल्या परिचयाचे आहे. अलीकडे जातीच्या दाखल्यासाठी या जुन्या वह्यांना एकाएकी महत्त्व आले. २०२३ सालापासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील जीर्ण पाने चाळण्यासाठी झुंबड उडाली. जातीचा रकाना सर्वांनी पाहिला. शेजारी मृताच्या वयाचा आणि मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो. वर्षांमागून वर्षे तेथे दिवसांत, महिन्यांत मोजावी अशी वये येतात आणि कारण म्हणून एकच शब्द येतो : 'ताप'. पटकी, देवी व प्लेग ही ठळक कारणे सोडली, तर हिवताप, गोवर, फुप्फुसदाह, विषमज्वर, बाळंतरोग हे सगळे त्या एका शब्दाच्या पोटात गेले. आणि हे सुद्धा गावात मेलेल्यांपुरते. पोलीस पाटील आपल्या गावचे मृत्यू लिहीत असे. खडीच्या तळावर मेलेले परगावचे मूल त्याच्या वहीत येईलच याची शाश्वती नव्हती.

तिसरी वाट आमच्या डोळ्यांसमोरची आहे. ती समजून घ्यायची तर पुन्हा नदीकडे वळावे लागते. तापीवर काकरापार येथे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात बंधारा झाला व कालवे सुरतेच्या मैदानात फिरले. १९७२ साली उकाईचे मोठे धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयाखाली गुजरात व महाराष्ट्र मिळून सुमारे १७० गावे गेली, त्यांत नवापूर बाजूची आदिवासी गावेही होती. या पाण्यावर बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी येथे ऊस उभा राहिला आणि सहकारी साखर कारखाने निघाले. १९२८ च्या सत्याग्रहाने नावाजलेली बारडोली साखरेची राजधानी झाली. मुक्ताईनगरहून, जळगावहून, धुळ्याहून वाहत गेलेले पाणी सुरतेला उसात मुरले. वरच्या अंगाला कोरडवाहू राहिलेली खानदेशी माणसे तो ऊस तोडायला पाण्यामागोमाग खाली गेली.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन हे १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या मजुरांचा अभ्यास करीत आले. १९७० च्या दशकात त्यांनी बारडोली भागातील खानदेशी ऊसतोड्यांची पाहणी केली आणि १९७८ साली ती प्रसिद्ध केली. स्थानिक हळपती मजूर दाराशी असताना कारखाने शेकडो किलोमीटरवरून खानदेशी टोळ्या का आणतात, हा त्यांचा प्रश्न होता. परमुलखातला माणूस उचल घेऊन आलेला असतो, त्याला परतायला जागा नसते, तो रात्री-अपरात्री हाक मारली तरी उठतो, असे त्यांचे उत्तर थोडक्यात सांगता येईल. मजुरीचे एकक माणूस नव्हे, 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा, बायको आणि बहुधा एक मूल. पुरुष तोडणार, बाई पाचट सोलून मोळी बांधणार, मूल हाताखाली. मुकादम दसरा-दिवाळीच्या आधी उचल वाटतो, दिवाळी आटोपली की लॉऱ्या भरतात आणि वैशाखात माणसे परततात. तळावर खाण्यासाठी ज्वारी मिळे, तिची किंमत हिशेबातून वजा होई.

या व्यवस्थेत आजारी मुलाची जागा कोणती, हे नीट पाहिले पाहिजे. मूल एक तर कोयत्याचा भाग असते किंवा कोयत्याला अडथळा असतो. पहाटे तीन-चारला आई फडात जाते. थंडी मार्गशीर्ष-पौषाची, कोपी बांबूच्या तट्ट्याची किंवा पाचटाची. अंगावर पिणारे मूल बरोबर न्यावे तर फडाच्या कडेला झोळीत ठेवावे लागते, तेथे धूळ, कूस आणि विंचूकाटा. मागे ठेवावे तर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दिवसभर पाजता येत नाही, दूध आटते, मग बाळाच्या तोंडी वरचे काहीतरी जाते आणि त्यातले पाणी चारीचे असते. हगवण लागते. दोन दिवसांत डोळे खोल जातात, टाळू बसते. दवाखान्यात न्यायचे तर दोन मजुऱ्या बुडतात, मुकादमाकडून आणखी उचल घ्यावी लागते आणि डॉक्टरची भाषा गुजराती. आई निर्दय नसते. तिच्यापुढे उचलीचा आकडा असतो आणि घरी ठेवलेली आणखी दोन मुले असतात. परगावच्या लोकांनी 'यांना मुलांचे काही वाटत नाही' असे म्हटलेले मी अनेकदा ऐकले आहे, सुशिक्षितांच्या तोंडूनही. असे बोलणाऱ्यांनी उसाच्या फडात एक आठवडा काढून पाहावा.

औषध अवघड होते असेही नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित पश्चिमेकडे भारतात आले, तीही एक पश्चिमवाटच. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे मरू लागली. शिरेतून द्यायचे सलाइन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यापेल्याने पाजायला सांगितले. शंभरातले वीस-तीस दगावत होते, तेथे चारांच्या आत दगावू लागले. पुढे हा उपाय जगभर मान्य झाला. घरगुती स्वरूपात त्याला लागते उकळलेले पाणी, चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर. साखर!

गोवराची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात १९८५ साली आली. पण लसीकरणाची यादी गावाच्या अंगणवाडीत असते आणि मूल नवव्या महिन्यात फडावर असते. वैशाखात ते परत येते तेव्हा सत्र होऊन गेलेले असते. २०२२ साली मुंबईत व मालेगावात गोवराने मुले दगावली, तेव्हा हा रोग गेला नव्हता हे शहरांच्या ध्यानी आले. कोप्यांत राहणाऱ्यांना ते कळण्यासाठी वर्तमानपत्राची गरज नव्हती.

आता कायद्याकडे वळू. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की मृत्यू जेथे घडला तेथेच नोंदवावा, एकवीस दिवसांच्या आत. म्हणजे बारडोली तालुक्यात गेलेले साक्री तालुक्याचे मूल गुजराती वहीत, गुजराती लिपीत लिहिले जाणार. आईबापांना ती लिपी वाचता येत नाही आणि गावी त्याचा पत्ता लागत नाही. चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यावी, असा नियम आहे. पहाटे नवापूरचा नाका ओलांडणाऱ्या लॉरीचा चालक ती खबर कितपत देत असेल, हे वाचकांनीच ठरवावे. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली जो कायदा झाला, त्यात मजुराचा अपघाती मृत्यू झाल्यास ठेकेदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व जवळच्या नातलगांना कळवावे असे कलम होते. २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा सामावला गेला. दोन्ही राज्यांना कळवण्याची कल्पना उत्तम. पण ते कलम मजुरापुरते. हगवणीने गेलेले दहा महिन्यांचे मूल मजूर नसते आणि त्याचा मृत्यू अपघातही नसतो.

आम्हा धर्मगुरूंच्या दफ्तरात दफनाची वही असते आणि तीत दफनाचे स्थळ लिहावे लागते. अशी वही बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्या वह्या वेगळ्या आहेत. खानदेशातल्या वयस्क ऊसतोड स्त्रीला मुले किती म्हणून विचारले, तर ती दोन आकडे सांगते : झाली किती आणि हाताशी राहिली किती. मधल्यांचे विचारावे तर ती सन सांगत नाही, कारखाना सांगते. एक मढीच्या साली गेला, एक चलथाणला असताना, एक गणदेवीहून परतताना उच्छलच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताला, जेथे तेव्हा कडुनिंब होता.